धंद्यात दयामाया नसते, पण ती नेमकी कोणाशी नसते?

प्रति,
तालुक्यातले सर्व कृषी सेवा केंद्र चालक बंधू-भगिनी,

विषय : रविवारच्या बैठकीत मी जे बोललो नाही ते.

सप्रेम नमस्कार.

रविवारी मंगल कार्यालयात आपली खरिपाआधीची बैठक झाली. पोहे चांगले होते. कागदावर ‘खत वितरणाबाबत समान धोरण’ असं छान नाव देऊन आपण एक ठराव केला. त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे: यंदा डीएपी आणि युरिया ही खतं कोणी मोकळी द्यायची नाहीत, गोणीमागं टॉनिकची बाटली किंवा किट लावायचंच. जो मोकळं देईल त्याचा माल खताच्या मालगाडीची पुढची रॅक लागली की थांबवायचा, असं ठोक विक्रेत्याला सांगायचं. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, “पण गरीब माणसाचं काय?” त्यावर आपल्यातलेच एक ज्येष्ठ म्हणाले, “धंद्यात दयामाया नसते. ज्याला करायची त्यानं मठ काढावा.” सगळे हसले. मीही हसलो, आणि कागद फिरत माझ्यापुढं आला तेव्हा सही केली.

घरी आल्यावर झोप लागली नाही. वय झालं म्हणा हवं तर. पण त्या वाक्यात काहीतरी खोट आहे असं सारखं वाटत राहिलं. ती खोट कुठं आहे ते सापडायला दोन दिवस गेले, म्हणून हे पत्र.

मी 1998 पासून मोंढ्यात दुकान लावतो. ‘स्पर्धा लई वाढली’ हे वाक्य तेव्हापासून ऐकतोय. सुरुवातीला ओळीत तीन दुकानं होती, आता अठरा आहेत. पण मला सांगा, आपण एकमेकांशी कधी निर्दय झालो? तुमच्याकडं गोण्या कमी पडल्या की पोरगा माझ्याकडं हातगाडी घेऊन येतो, माझा एखादा माल संपला की मी तुमच्याकडं चिठ्ठी पाठवतो. कोणतं पाकीट काय भावानं सोडायचं ते सकाळी ग्रुपवर ठरतं. 2025 च्या खरिपात बीटी कापसाच्या पाकिटावर सरकारनं ठरवलेली कमाल किंमत 901 रुपये छापलेली होती. चालत्या वाणाचं पाकीट आपल्याकडं प्रत्यक्षात कितीला गेलं, ते इथं लिहीत नाही. अठराही दुकानात तोच आकडा होता. याला स्पर्धा म्हणतात का? एकमेकांच्या लेकरांच्या लग्नात आपण आहेर करतो, आणि ते चांगलंच आहे. मग दयामाया नसते ती कोणाशी?

एक प्रसंग सांगतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, जूनचा दुसरा आठवडा. एक मावशी युरियाला आल्या. नवरा नाही, अडीच एकर रान. अनुदानाच्या खताची विक्री ज्यावर नोंदवतात त्या ई-पॉसच्या मशीनवर अंगठा लावला, उठला नाही. पदराला पुसून परत लावला, तरी नाही. निंदणी-खुरपणीनं रेषा गेलेल्या होत्या, मशीन काय वाचणार? चौथ्या खेपेला करंगळीशेजारच्या बोटानं काम झालं. दोन गोण्या हव्या होत्या. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैसे, म्हणजे 533 रुपये. पदराच्या गाठीत त्यांनी बरोबर साडेपाचशे आणले होते. मी म्हणालो, “मावशी, सोबत ही बाटली लागंल. साडेतीनशेची.” त्या म्हणाल्या, “हे कशाला?” मी म्हणालो, “कंपनीचं आहे.”

बघा, उत्तर काय दिलं मी. ‘पिकाला चांगलं’ असंसुद्धा म्हणालो नाही, तेवढी तसदीही घेतली नाही. त्यांनी एक गोणी परत केली, बाटली घेतली, आणि वरचे 66 रुपये ‘नंतर देते’ म्हणून वहीत लिहायला सांगितले.

दिवाळीनंतर त्याच गावात वसुलीला गेलो होतो. त्यांनी चहा केला. चुलीशेजारच्या कोनाड्यात बाटल्या ओळीनं मांडलेल्या दिसल्या. सात होत्या, सगळ्या सीलबंद. दोन माझ्या दुकानच्या, बाकीच्या तुमच्या. त्यांनी एकही फोडली नव्हती. म्हणाल्या, “कशाला मारायचं ते कोणी सांगितलंच नाही, म्हणून ठेवल्यात.” मी 66 रुपये मागितले नाहीत, पण सोडलेही नाहीत. वहीत आहेत अजून.

आता तुम्ही म्हणाल, आपल्यालाही वरून तसंच येतं. खरं आहे. युरियावर खाजगी विक्रेत्याला 2018 पासून टनाला 354 रुपये मिळतात, म्हणजे गोणीला 16 च्या आसपास. त्यात हमाली, गाडीभाडं आणि मशीन बंद पडलं की ऐकून घ्यायच्या शिव्या. नुसत्या युरियावर दुकानाचं वीजबिल निघत नाही. आणि वरून डीएपीची गाडी हवी असेल तर सोबत विद्राव्य खतं घ्या, नॅनो खताच्या बाटल्यांच्या पेट्या घ्या, अमुक लाखाचं टॉनिक घ्या. मार्चमध्ये प्लेसमेंटच्या, म्हणजे हंगामाआधी माल ठेवण्याच्या नावाखाली गोडाऊन भरून ठेवतात, आणि जुलैत फोन सुरू होतात : ‘लिक्विडेशन किती झालं?’ म्हणजे किती माल खपला. लिंकिंग, म्हणजे खतासोबत दुसरा माल गळ्यात मारणं, करू नका असे शासनाचे आदेश दर हंगामाला निघतात. आपण ते दुकानात चिकटवतो. त्याच कागदाखाली बाटल्यांचे बॉक्स रचलेले असतात.

पण कंपनीचा टेरिटरी मॅनेजर येतो तेव्हा आपण काय करतो? स्वतःची खुर्ची देतो, थंडा मागवतो. पोरगं असतं पंचवीस-तीस वर्षांचं, त्याला ‘साहेब’ म्हणतो. त्यानं चाळीस पेट्या टाकतो म्हटलं की ‘पस्तीस करा साहेब’ एवढाच आपला बाणेदारपणा. आणि तो गाडीत बसून गेला की ज्याच्या अंगठ्याला रेषा नाहीत त्या माणसापुढं आपण कडक व्यापारी होतो. वड्याचं तेल वांग्यावर. ठराव झाला त्या दिवशीही कंपनीविरुद्ध चकार शब्द निघाला नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? माझ्या आलं नव्हतं.

मावशीची गोष्ट सोपी होती, ती आधी सांगून टाकली. अवघड पुढं आहे.

2017 चा हंगाम आठवा. गुलाबी बोंडअळीनं अख्ख्या राज्यातल्या कापसाची दैना केली ते वर्ष. सप्टेंबरात डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, दिसायला लागल्या होत्या, ऑक्टोबरात माणसं बोंडं फोडून आणायला लागली. एक शेतकरी आला, वयानं माझ्याएवढाच. रुमालात पाच-सहा हिरवी बोंडं गुंडाळून आणलेली. काउंटरवर रुमाल सोडला, अंगठ्याच्या नखानं एक बोंड उकललं. आत सरकी पोखरलेली, पिवळी पडलेली कवडी, आणि मधोमध ती अळी. “शेठ, कायतरी जालीम द्या,” म्हणाला.

मला माहीत होतं की अळी एकदा बोंडात शिरली, की वरचं छिद्र बुजतं आणि औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. हेही माहीत होतं की ऑगस्टमध्येच एकरी दोन कामगंध सापळे लावून पतंग मोजायला हवे होते, आणि आता सांगण्यासारखं एकच होतं : उरलेलं लवकर वेचून घे, फरदड, म्हणजे पुढच्या बहारासाठी जुनंच पीक, ठेवू नकोस, डिसेंबरात पऱ्हाट्या उपटून रान मोकळं कर. सापळे मी त्या वर्षी दुकानात ठेवलेच नव्हते. त्यात सुटतं काय?

मी त्याला दोन बाटल्या दिल्या. एक निळ्या लेबलची, एक पांढऱ्या. म्हणालो, “ही मारायला आणि ही थांबवायला. दोन्ही एकाच पंपात घ्या.” दोन्हीत इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्केच होतं, कंपन्या फक्त वेगळ्या. बरं, ते औषध मावा-तुडतुड्यासारख्या रस शोषणाऱ्या किडींचं. अळीला त्याचं काय? म्हणजे चुकीचं औषध, तेही दुप्पट, आणि दोनदा पैसे घेऊन. बिल 1,140 रुपये. त्यानं वाचलं नाही, कारण मी पक्कं बिल दिलंच नव्हतं. चिठ्ठीवर ‘औषध 2 नग’.

त्याच हंगामात तिकडं यवतमाळला फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-मजूर गेले. टीव्हीवर ते पाहताना मी जेवत होतो. घास खाली ठेवला, एवढंच. माझा तो रुमालवाला शेतकरी चार दिवसांनी शेतात दिसला तेव्हा कुठं श्वास घेतला. सरकी मात्र गेली त्याची.

हे मी का केलं? पोट भरत नव्हतं म्हणून? नाही. एका कंपनीची ठरावीक विक्रीवर थायलंड टूरची स्कीम होती आणि माझ्या विक्रीत 80 हजार कमी पडत होते. टूर झाली. समुद्रावरचा ग्रुप फोटो काउंटरच्या मागं लावला होता, अजून तिथंच आहे. भिंतीला नवा रंग दिला तेव्हाही काढायचा राहिला.

पुढं खत-बियाणं-औषध विक्रेत्यांसाठीचा देसी डिप्लोमा केला, 48 आठवड्यांचा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी केलाय, परवान्यासाठी का होईना. कृषी विद्यापीठाचे एक प्राध्यापक शिकवायला यायचे. त्यांनी एकदा आम्हाला आपापल्या दुकानातल्या पाच बाटल्या आणायला लावल्या आणि ब्रँडच्या नावावर कागद चिकटवून फक्त घटकाचं नाव मोठ्यानं वाचायला सांगितलं. वर्गात बावीस जण. एकच नाव इतक्या वेळा ऐकू आलं की हसू फुटलं. प्राध्यापक हसले नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिले.

आता तिसरी गोष्ट. ही आपली सगळ्यांची आहे.

2020 च्या जूनमध्ये सोयाबीनचं बी उगवलंच नाही, ते आठवत असेलच. मराठवाड्यात तक्रारींचा ढीग लागला, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्यानंतरच्या वर्षी आपल्या ओळीत, बसस्टँडकडच्या टोकाला, एका पोरानं दुकान टाकलं. परभणीचा बीएस्सी ॲग्री. त्यानं तीन गोष्टी केल्या. खत मोकळं दिलं. बिलावर ब्रँडसोबत घटकाचं नाव लिहिलं. आणि दुकानासमोर ओलं गोणपाट पसरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं, की घरचं सोयाबीन असंच तपासा : 100 दाणे मोजून ठेवा, गुंडाळी करा, सहा-सात दिवसांनी उघडून मोजा, 70 च्या वर उगवले तर एकरी 30 किलो पेरा, विकतच्या बॅगा कशाला? बियाण्याच्या दुकानदारानंच हे सांगितल्यावर माणसं बघत राहिली. मग त्याच्याकडं रांग लागली.

बंधूंनो, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत मोंढ्यात खरी स्पर्धा आली ती तेवढीच. आपण ती किती दिवस सोसली? दोन हंगाम. ठोक विक्रेत्याला सांगून त्याच्या गाड्या अडवल्या. निनावी तक्रारी गेल्या आणि एका महिन्यात तीन तपासण्या लागल्या. भावफलकावर कालची तारीख होती आणि साठा रजिस्टरात दोन दिवसांच्या नोंदी मागं होत्या. आपल्या अठरापैकी कोणाचं रजिस्टर रोजच्या रोज लिहिलेलं असतं? त्याला विक्रीबंदची नोटीस मिळाली ऐन पेरणीत. त्या तक्रारीचा मजकूर कोणी लिहिला ते मला माहीत आहे, कारण शुद्धलेखन मी तपासलं होतं.

म्हणून म्हणतो, ‘स्पर्धेपायी असं करावं लागतं’ हे आपण स्वतःला सांगितलेलं खोटं आहे. स्पर्धा आली तेव्हा आपण ती मोडून काढली. आणि ती मोडायला आपल्यात जी एकी दिसली, ती कंपनीची एक पेटी परत करायला कधी दिसली नाही.

तो पोरगा आता एका कंपनीत फील्ड असिस्टंट आहे. मार्चमध्ये माझ्याकडं आला होता, प्लेसमेंट घेऊन. मला ‘काका’ म्हणतो. टॅबवर बोट फिरवत म्हणाला, “काका, तीस पेट्या टाकू ना?” चेहऱ्यावर काही नव्हतं. रागसुद्धा नव्हता. मी पंचवीस म्हणालो.

माझी बाजू नाही असं नाही, तुमचीही आहे. माझ्या वहीत आज 11 लाखांच्या वर उधारी अडकलीय. 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं रानंच्या रानं खरवडून नेली, त्यांच्याकडं मागायचं कोणत्या तोंडानं? आणि सगळे शेतकरी मावशीसारखे नसतात हेही लिहितो, नाहीतर म्हणाल हा एकदम साधू झाला. रोखीनं शहरातून आणायचं आणि उधारीला मोंढ्यात यायचं, असे आहेत. तीन-तीन वर्षं पैसे बुडवून वरून चौकात बदनामी करणारेही आहेत. उधारीचा भाव आपण वेगळा लावतो त्यामागं ही बुडीत असते. त्याबद्दल मी भांडणार नाही, फक्त तो भाव सांगून लावा. पण ज्याची उधारी आहे तो माणूस दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, हे आपण जाणून असतो. बाटली नेमकी त्यालाच लावतो. रोखीवाला बागायतदार गाडीतून उतरला की आपण त्याला मोकळं खत देतो की नाही, खरं सांगा. बळी तो कान पिळी, आणि आपण बळी बघून कान निवडतो.

आपल्या जिल्ह्याबद्दल लोक गमतीनं म्हणतात, ‘बनी तो बनी, नाही तर परभणी.’ मला कधी राग आला नाही त्याचा. जमलं तर ठीक, नाहीतर आपलं गाव आहेच, असा मी त्याचा अर्थ लावतो. पण त्या पोराला आपण आपल्या गावातही जमू दिलं नाही.

तर माझं असं आहे. सोमवारी सकाळी मी अध्यक्षांच्या दुकानावर येतोय, ठरावावरची माझी सही खोडायला. कागद फाडू नका, मला खोडायचीच आहे. नंतर ठोक विक्रेत्याला सांगून माझी पुढची गाडी थांबवायची असेल तर थांबवा, ती तयारी ठेवली आहे. आज गोडाऊनमध्ये डीएपीच्या 140 आणि युरियाच्या 210 गोण्या आहेत. मृग आठवड्यावर आला. मंगळवारपासून त्या मोकळ्या देणार, डीएपी 1,350 ला आणि युरिया 266.50 ला, छापील भावानं. पक्कं बिल, त्यावर घटकाचं नाव. पंचवीस पेट्यांपैकी बावीस तशाच आहेत, त्या परत घ्या म्हणून पत्र टाकलंय. घेणार नाहीत बहुतेक. येणं असलेल्या पैशांची क्रेडिट नोट अडवतील. माझं गणित यंदा तोट्याचं आहे, मुलगा चार दिवस बोलत नव्हता. त्याचंही चूक नाही, दुकान त्याला चालवायचंय.

तुमच्याकडं मागणं एकच आहे. ठराव करायचाच तर दुसरा करू : अठराही दुकानं मिळून ठोक विक्रेत्याला लिहून देऊ की लिंकिंगची गाडी आम्ही उतरवून घेणार नाही. कंपनी एकाला बंद करू शकते. अठरांना बंद करून तालुक्यात माल विकणार कुठं? तिला आपली गरज आपल्याला वाटते त्याहून जास्त आहे. मसुदा मी लिहून ठेवलाय, दीड पानाचा आहे. शुद्धलेखन तपासलंय.

खाली नाव लिहीत नाही. तुम्ही ओळखालच, पण बाहेरच्यांना माझ्या नावावरून तालुका कळेल, आणि तालुक्यावरून त्या पोराचं नाव निघेल. त्याला त्याच्या नोकरीत त्रास नको.

सोमवारी दहाला येतो. चहा माझ्याकडून.

आपला,
मोंढ्यातला एक दुकानदार
परभणी जिल्हा